सातव्या विहिरीचा पंचनामा

२ मार्च, रविवार

आज बिट्टीचा फोन आला. हिला नाही, सासूबाईंना नाही, थेट मला. आठ महिन्यांनी. शेवटी पोरीला बापाची किंमत कळली म्हणायची.

आठ महिन्यांपूर्वी काय झालं त्याची नोंद असू द्यावी. बिट्टीने एक मुलगा पसंत केला. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो, त्यामुळे सवयीने त्याचाही थोडा तपास केला. थोडाच. त्याच्या ऑफिसात दोन-तीन फोन, घरमालकाशी एक भेट, आणि त्याची स्कूटर कुठे कुठे घासली आहे त्याचे फोटो. मुलगा निर्दोष निघाला. यात रागावण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. फुकटात सर्टिफिकेट मिळालं की त्याला!

फोनचा विषय असा. माळ्यावर तिचा लहानपणीचा, हातात धरून खेळायचा गेम आहे. तो काढून नीट ठेवायचा. २९ तारखेला ती येते आहे. त्यातली शेवटची विहीर राहिली आहे, ती तिला इथे येऊन पूर्ण करायची आहे. मध्येच ती आतल्या छोट्या सेलबद्दल बरंच काही बोलली. जुना गेम आहे, सगळं त्या सेलवरच लक्षात राहतं वगैरे. म्हटलं, सेलची काळजी बापावर सोड. फोन ठेवताना म्हणाली, बाबा, फक्त ठेवा, बाकी काही करू नका.

इथे काहीतरी पाणी मुरतंय. जी वस्तू नुसती ठेवायची आहे तिच्यासाठी कोणी एवढ्या लांबून फोन करत नाही.

ही म्हणाली, पोर आठ महिन्यांनी बोलली आहे, एवढीशी गोष्ट मागितली आहे, तेवढी धड करा. मी म्हटलं, वस्तू सांभाळणं हा माझा धंदा आहे. ही नुसतं हं म्हणाली. तो हं मला आवडला नाही.

३ मार्च, सोमवार, संध्याकाळ

माळ्यावरून माल ताब्यात घेतला. वर्णन: साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, करड्या रंगाचा ठोकळा. मागे एक कॅसेट खोचलेली. चार पेन्सिल सेल लागतात. मूळ खोकं शाबूत. डाव्या कोपऱ्यावर जुना ओरखडा, माझ्या ताब्यात येण्यापूर्वीचा. नोंद केली.

चालतो की नाही हे पाहणं भाग आहे. दहा मिनिटं, निव्वळ तपासणीसाठी. नंतर खोक्यात.

४ मार्च, मंगळवार

काल तपासणीला थोडा जास्त वेळ लागला. ही दोनदा जेवायला हाक मारून गेली म्हणे. मला एकदाच ऐकू आली.

गेमची हकीकत. एक खोरं आहे. त्यातल्या सात विहिरी आटल्या आहेत. प्रत्येक विहिरीच्या तळाशी एक घंटा, ती वाजवली की पाणी परत येतं. हे काम एका टोपीवाल्या छोट्या माणसावर टाकलं आहे. का? तर चौकात एक अनोळखी गृहस्थ त्याला झोपेतून उठवून तसं सांगतो. ओळखपत्र नाही, लेखी काही नाही, आणि हा उठून निघतो! असल्या माणसाला विमा कोण देणार?

तीन जणांचे खेळ वेगवेगळे साठवायची सोय आहे. पहिल्या जागी बिट्टी, सहा घंटा वाजवलेल्या. तिला हात लावणार नाही. बाकी दोन जागा रिकाम्या होत्या. मी दुसरी घेतली. नावाला पाचच अक्षरांची जागा आहे, त्यामुळे इन्स्पेक्टर मावलं नाही. इंग्रजीत अर्धवट ‘इन्स्पे’ झालं आहे.

हा खेळ पोरांचा आहे. मी तो फक्त आतून समजून घेतो आहे.

६ मार्च, गुरुवार

पहिल्या विहिरीत मरतो आहे. आत मिट्ट काळोख, आणि वटवाघळं.

माझा संशय लोकांवर आहे. नावाडी घ्या. कितीही वेळा विचारा, शब्दाला शब्द तेच वाक्य. पढवलेला साक्षीदार. आणि विहिरीशेजारच्या झोपडीतली म्हातारी. दारात उभी राहून म्हणते की आत ये, तुला एक दिवा देते, पैसे नकोत. म्हटलं, वा! या जगात फुकट दिवा! तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी फुकट पेन दिलं नाही. झोपडीत शिरलो नाही.

पडद्याला स्वतःचा उजेड नाही. दिव्याखाली धरावा तर चकाकतो, नाहीतर दिसत नाही. टॉर्च मानेखाली दाबून खेळतो आहे. बनवणाऱ्याला एवढं सुचलं नाही की खेळायला दोन हात लागतात आणि टॉर्च धरायला तिसरा.

मान आखडली आहे.

७ मार्च, शुक्रवार

उद्यापासून बंद. ठरलं म्हणजे ठरलं. खोक्यात घालून कपाटात ठेवला.

७ मार्च, संध्याकाळ

कपाटात दमट वाटलं म्हणून बाहेर काढला.

९ मार्च, रविवार

मेहुणा राहायला आला. त्याच्या घरी रंगकाम चालू आहे म्हणे. हातात बॅग, तोंडावर हसू. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शिरायची सवय आहे. टेबलावरचा गेम पाहून म्हणाला, अरे वा भाऊजी, हा अजून आहे! एवढंच बोलला आणि विषय बदलला. फार पटकन बदलला.

सासूबाई दोन महिने आमच्याकडेच आहेत. उजवं मनगट मोडलं होतं, आता प्लॅस्टर निघालं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बोटांच्या व्यायामाला स्पंजचा चेंडू दिला आहे. तो त्या मन लावून दाबत नाहीत, हे मी पाहून ठेवलं आहे.

१० मार्च, सोमवार

आज ऑफिसात फुटलेल्या टीव्हीचा क्लेम. गृहस्थ म्हणे, आपोआप फुटला. माझी पद्धत वापरली. खोटं बोलणाऱ्याला ‘तू फोडलास का’ असं कधी विचारायचं नाही. ‘कशाने फोडलास’ असं विचारायचं. हत्याराचं कौतुक सांगताना माणूस स्वतःला विसरतो. मी सहज म्हटलं, असा सरळ तडा जायला वस्तू चांगली वजनदार लागते. गृहस्थ खुलले. म्हणाले, छे हो, साधा डंबेल होता. क्लेम बाद. साहेबांनी मान हलवली.

ही युक्ती मी बिट्टीलाही शिकवली होती. ती सहा वर्षांची होती, दुधाच्या ग्लासचं प्रकरण होतं.

घरी आल्यावर धक्का. तिसरी जागा, जी कालपर्यंत रिकामी होती, तिथे कोणीतरी बसलं आहे! नाव: ए ए ए ए ए. म्हणजे उघड उघड बेनामी. आणि एक घंटा वाजलेली.

कोणीतरी माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या ताब्यातला माल वापरतं आहे. आणि माझ्यापेक्षा एका घंटेने पुढे आहे.

११ मार्च, मंगळवार

तपास सुरू. मुख्य संशयित: मेहुणा. कारणं: दिवसा घरी असतो, अंगठे लांब आहेत, कारण नसताना शीळ घालतो.

जेवताना सगळ्यांसमोर गेमचा विषय काढला आणि चेहरे पाहिले. मेहुण्याने चटणी मागितली. हिने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. सासूबाई जेवत होत्या.

१३ मार्च, गुरुवार

अभूतपूर्व प्रगती! आज विहिरीत उतरलो तर माझ्या माणसाच्या हातात दिवा. लख्ख उजेड. पहिली घंटा वाजवली. पाणी भळाभळा वर आलं, खोऱ्यातले सगळे घराबाहेर येऊन उड्या मारायला लागले. मी ताडकन उभा राहिलो. मेहुणा शेजारच्या खोलीतून विचारायला आला की काय झालं. म्हटलं, पाठीत चमक आली.

दिवा कुठून आला यावर विचार केला. चिकाटीने वारंवार मरणाऱ्याला गेम आपणहून दिवा देत असणार. गुणांची कदर करणारी रचना आहे. म्हातारीची लाचारी पत्करली नाही, हे बरं केलं.

१५ मार्च, शनिवार

चोरी!! माझ्या पिशवीत दोनशेच्या वर मोहरा होत्या. आज उघडली तर जेमतेम दहा-बारा. या मोहरा मी गवत कापून कापून जमवल्या होत्या, सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत सुद्धा.

चोराचा निर्लज्जपणा बघा. मोहरा नेल्या त्या नेल्या, वर माझ्याच पिशवीत एक लोखंडी ढाल आणि औषधाच्या तीन बाटल्या ठेवून गेला. पुरावा माझ्यावर टाकायचा डाव दिसतो.

ढाल वापरून दुसरी घंटा वाजवली. पण मुद्दा तो नाही.

१६ मार्च, रविवार, सकाळ

सापळे लावले.

एक: बटणांवर टाल्कम पावडरचा पातळ थर.

दोन: खोक्याच्या झाकणावर एक केस आडवा चिकटवला. केस माझाच, म्हणजे काटकसरीने वापरावा लागणार.

तीन: झाकणाला चिकटपट्टी आणि तिच्यावर माझी सही.

१७ मार्च, सोमवार

पावडर सकाळी माझ्याच टायवर सापडली. साहेबांनी विचारलं की घरी बाळ आहे का.

केस जागच्या जागी. चिकटपट्टी जागच्या जागी. सही जागच्या जागी. आणि ए ए ए ए ए चार घंटांवर! हे माणसाचं काम नाही.

१७ मार्च, संध्याकाळ

खोकं खालच्या बाजूनेही उघडतं.

१९ मार्च, बुधवार

फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या. सासूबाईंच्या बोटांची प्रगती बघून थक्क झाल्या. म्हणाल्या, एवढ्या लवकर अंगठा असा चालायला लागलेला मी पाहिला नाही, चेंडूची कमाल आहे. चेंडू पलंगाखाली धूळ खात पडलेला मी स्वतः पाहिला आहे.

आमच्या धंद्यात हाड फार लवकर बरं झालं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, मुळात मोडलं होतं का? हिला सहज बोललो. ही आता माझ्याशी बोलत नाही. मी मेहुण्यामार्फत मीठ मागितलं.

माझ्या तीन घंटा झाल्या. तिसऱ्या विहिरीतला तो दगडी बैल मी मंगळवारी सोडला तेव्हा जिवंत होता, आज मेलेला सापडला. माझ्या मारांचा परिणाम उशिरा झाला असावा.

२० मार्च, गुरुवार

उद्यापासून तीन दिवस टूरवर. एका गोदामाला आग लागली आहे, की लावली आहे, ते बघायचं. माझ्या गैरहजेरीत मेहुणा मोकाट. बिट्टी यायला जेमतेम आठवडा. उद्या हा माणूस चुकून तिच्या जागेवर गेला, तिचा खेळ बिघडवला, तर पोर पुन्हा तोंड फिरवील. ते मला परवडणार नाही. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. आठ महिने फोन वाजला की मी आधी उठून बघत होतो, आणि दर वेळी कोणीतरी भलतंच असायचं.

तेव्हा आता कंपनीची पद्धत. विजेवर चालणारी वस्तू ताब्यात घेतली की पहिलं काम म्हणजे तिची बॅटरी काढून वेगळी ठेवायची. मग कोणी काही फेरफार करू शकत नाही.

चार पेन्सिल सेल काढले. पण ते टीव्हीच्या रिमोटमध्येही असतात. चोर तिथले घालील. मग माझी नजर कॅसेटवर गेली. आत एक छोटा सेल आहे असं बिट्टीच म्हणाली होती! कॅसेटचा स्क्रू विचित्र आहे, कुठलाच स्क्रूड्रायव्हर लागत नाही. पण तीस वर्षं मी उगीच नाही काढली. उघडली. आत शर्टाच्या बटणाएवढा गोल सेल, दोन्हीकडून पत्र्यांनी जखडलेला. जरा जोर लावून उपटला. पाकिटात घातला आणि पाकीट माझ्याबरोबर टूरवर.

आता कोण काय बिघडवतो बघू. बिट्टीचा खेळ तिजोरीत आहे.

२३ मार्च, रविवार

परत आलो. गोदामाची आग लावलेलीच निघाली. कशाने पेटवलं म्हणून विचारलं तर वॉचमनने लायटर दाखवला.

घड्याळजीकडून सेल परत बसवून आणला. तो डोळ्याला भिंग लावून बराच वेळ कॅसेट बघत होता. मग विचारलं, हा सेल कोणी काढला? मी म्हटलं, तपास चालू आहे. तो म्हणाला, ज्याने कोणी काढला असेल त्याला सांगा, सेल निघाला की आतलं सगळं पुसलं जातं. मी म्हटलं, तुम्ही बसवा.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला गेममधलं काय कळणार?

२३ मार्च, थोड्या वेळाने

तिन्ही जागा रिकाम्या.

२३ मार्च, अजून थोड्या वेळाने

बंद करून चालू केला. फुंकर मारून पाहिली. कॅसेट शर्टाला पुसून पाहिली. देवाचं नाव घेऊन पाहिलं. रिकाम्या.

बिट्टीच्या सहा घंटा गेल्या.

२४ मार्च, सोमवार

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की हा घातपात आहे. माझ्या गैरहजेरीत कोणीतरी काहीतरी केलं. कसं, ते महत्त्वाचं नाही. सेल माझ्या खिशात होता हे खरं, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

रात्रीच्या जेवणाला मेहुण्यावर सर्वांसमोर आरोप ठेवला. मुद्देसूद. बेनामी जागा, मोहरा, ढाल, बैल. मेहुणा आधी हसला. मग मी हसत नाही हे पाहून थांबला. म्हणाला, भाऊजी, मला तो गेम चालू कुठून होतो हेही माहीत नाही. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. तो ताटावरून उठला, बॅग भरली आणि ओल्या रंगाच्या घरात राहायला गेला. लिफ्टपर्यंत पोचवायला ही गेली. परत आल्यावर हिने माझ्याशी बोलायचं ठरवलं. नसतं ठरवलं तर बरं झालं असतं.

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. पण मी त्यांना म्हटलं की आई, तुम्ही यात पडू नका, हे तांत्रिक आहे.

२५ मार्च, मंगळवार

ठराव. बिट्टी शनिवारी येईल. त्याआधी पहिल्या जागेवर बिट्टी हे नाव टाकून मी सहाच्या सहा विहिरी पूर्ण करून ठेवणार. तिला पत्ताही लागणार नाही. तीन घंटा मी यापूर्वी स्वतःच्या हिमतीवर वाजवल्या आहेत, त्यामुळे अनुभव आहे. ऑफिसात तापाचं कळवलं.

२५ मार्च, संध्याकाळ

पहिल्या विहिरीत मेलो. दिवा अजून मिळालेला नाही. वारंवार मरणं चालू ठेवलं आहे.

२६ मार्च, बुधवार

दिवा नाही. सकाळपासून मरतो आहे. गेममध्ये बिघाड आहे.

ऑफिसातून फोन. साहेब म्हणाले, ताप खरा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी पाठवा. माझ्याच हाताखाली तयार झालेला माणूस माझ्यावर संशय घेतो! आता जाऊन तोंड दाखवून यावं लागणार.

२६ मार्च, दुपारी, ऑफिसातून परतल्यावर

विसरायच्या आत लिहून ठेवतो.

लॅच उघडून आत आलो तर घर शांत. ही बँकेत. गॅलरीत उन्हाकडे पाठ करून सासूबाई खुर्चीत बसलेल्या. चष्मा कपाळावर, जीभ किंचित बाहेर, आणि दोन्ही अंगठे असे चाललेले की मला दिसेनात. हातात गेम.

सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. सत्तर पार. माझ्या संशयितांच्या यादीत त्यांचं नाव सुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, आई, तुम्ही? त्यांनी वर न बघता मला थांबा म्हणून हात केला, एक वटवाघूळ मारलं, मग म्हणाल्या, या जावईबापू, बसा.

जबाब घेतला. तो असा. चेंडू दाबून कंटाळा आला होता. हे टेबलावर दिसलं. तिसरी जागा रिकामी होती ती घेतली, नाव टाकायचं कळेना म्हणून एकच बटण दाबत राहिल्या. दुपारी मी ऑफिसात गेलो की खेळायच्या. मग सहज माझी जागा उघडून पाहिली, तर जावई काळोखात मरतो आहे. त्यांना वाईट वाटलं. म्हातारीच्या झोपडीत जाऊन माझ्यासाठी दिवा घेतला. बिनढालीचा फिरताना पाहून माझ्याच मोहरांतून ढाल घेतली. बैलही त्यांनीच मारला, कारण म्हणाल्या, तुम्ही त्याच्या शेपटीला मारत होता.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही? म्हणाल्या, तुम्ही इतके खुशीत होता. परवा ताटावर सांगणार होते, पण तुम्ही म्हणालात हे तांत्रिक आहे.

त्यांच्या स्वतःच्या सहा घंटा झाल्या होत्या. सातव्या विहिरीच्या तोंडाशी थांबल्या होत्या. आधी बिट्टीची होऊ दे, मग मी, असं मनात होतं. ते सगळं पुसलं गेलं.

मग त्यांनी विचारलं की पुसलं कसं गेलं. मी म्हटलं, उत्पादनातला दोष. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. पुन्हा गेमकडे वळल्या, आणि म्हणाल्या, शनिवारपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या करू, तुम्ही टॉर्च धरा.

२८ मार्च, शुक्रवार

चार घंटा झाल्या. टॉर्च धरणं दिसतं तितकं सोपं नाही. मी सूचना देत होतो, त्या सासूबाईंनी बंद करायला लावल्या. सहा होणार नाहीत. अंगठा सुजलाय त्यांचा. फिजिओथेरपिस्ट बाई रागावून गेल्या, चेंडू इतका दाबू नका म्हणाल्या.

मेहुण्याला फोन केला. म्हटलं, तुझ्याविरुद्धचा तपास बंद करण्यात आला आहे. त्याने विचारलं, म्हणजे माफी मागता का? म्हटलं, तपास बंद केला आहे, असं म्हणतोय. तो म्हणाला, चालेल, इथे रंगाच्या वासाने डोकं दुखतंय. सासूबाईंनी त्याला घरी बोलावलं.

उद्यासाठी निवेदन तयार केलं आहे. विषय: जुन्या उपकरणांतील उत्पादनदोष. दोनदा आरशासमोर म्हटलं. भक्कम आहे.

२९ मार्च, शनिवार

बिट्टी आली. बारीक झाली आहे. मला वाकून नमस्कार करताना हसली सुद्धा. मी काहीही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि विचारलं नाही.

चहा झाल्यावर तिने खोकं उघडलं. चालू केलं. पाहिलं. म्हणाली, चारच कशा?

मी निवेदन सुरू केलं. जुनी उपकरणं, हवामान, दमटपणा, त्या काळातला कारखान्यांचा हलगर्जीपणा. चांगलं रंगलं. ही भिंतीकडे बघत होती. मेहुणा चटणीच्या बरणीचं लेबल वाचत होता. बिट्टी सगळं ऐकत राहिली. मध्ये कुठेही अडवलं नाही. मला वाटलं, पटलं.

मग कॅसेट उलटी करून बघत ती सहज म्हणाली, बाबा, हा स्क्रू किती विचित्र आहे ना. मी मागे सगळे स्क्रूड्रायव्हर लावून पाहिले, एकही लागला नाही. हा उघडायचा तर काय वापरावं लागेल?

मी म्हटलं, अगं, स्क्रूड्रायव्हर कशाला? माझ्या नेलकटरची कानस तिरकी घालायची, डावीकडे अर्धा फेरा, आणि

वाक्य तिथेच राहिलं.

बिट्टी रडली नाही, हसलीही नाही. मांडीवर गेम घेऊन बसून राहिली. मग तिने सांगितलं. पाचवीत तिला कावीळ झाली होती. महिनाभर अंथरूण. तेव्हा मी रोज ऑफिसातून आल्या आल्या, बूट न काढता, तिच्या शेजारी बसायचो आणि टॉर्च धरायचो. सहा घंटा तशा झाल्या. मग मला बढती मिळाली, टूर सुरू झाल्या. सातवी विहीर तिला एकटीला जमली असती. टॉर्च मानेखाली धरूनही जमली असती. तिने ती ठेवून दिली होती.

मला यातलं काहीही आठवत नाही.

हिला विचारलं. ही म्हणाली, खरं आहे, बुटांचे डाग चादरीवरून जात नव्हते. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बिट्टी तेव्हा मला फोनवर सांगायची, आज बाबांचा हात दुखला. दोघींची हकीकत जुळते, पण शब्द वेगळे आहेत. पढवलेल्या वाटत नाहीत.

आयुष्यात एवढ्या लोकांचं खोटं पकडलं. आणि ही एक खरी गोष्ट होती ती मीच उपटून पाकिटात घातली.

३० मार्च, रविवार

सकाळी मी गॅलरीत पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. बिट्टी आली. पेपर बाजूला केला आणि माझ्या हातात टॉर्च दिली.

चार घंटांची जागा तिने तशीच आजीसाठी ठेवली. दुसऱ्या रिकाम्या जागेवर पहिल्यापासून सुरुवात केली. मी विचारलं, अगं पण सात विहिरी, तुला चारच दिवस सुट्टी. ती म्हणाली, नाहीच होणार. उरलेल्यासाठी पुन्हा यावं लागेल. पुढच्या वेळी त्यालाही घेऊन येईन. त्याच्या स्कूटरबद्दल विचारणार होतो, विचारलं नाही.

चौकातल्या अनोळखी गृहस्थाने उठवलं. नावाडी तेच वाक्य बोलला. विहिरीशी आलो तेव्हा तिने गेम माझ्या हातात दिला, टॉर्च स्वतःकडे घेतली, म्हणाली, झोपडीत तुम्ही जा. गेलो. म्हातारीने दिवा दिला. काही मागितलं नाही. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, ती मागून काही मागते का बघायला. नाही मागितलं.

मग पुन्हा टॉर्च माझ्याकडे. पहिली घंटा वाजली. मेहुण्याने आतून विचारलं, भाऊजी, पाठीत चमक का?

उजेड हलतो, अशी माझ्याविरुद्ध दोनदा तक्रार आली. माझा हात स्थिर आहे. टॉर्चचा सेल उतरला असावा असा मला दाट संशय आहे. उघडून बघितला नाही.